ह्यांच्या मनगटावरची गाठ

आधीच सांगते, मी घाबरट बाई नाही. माझं माहेर पेणचं, गणपतीच्या कारखान्याचं. देवच आमच्या घरी साच्यातून निघायचे आणि रंग वाळेपर्यंत फळीवर ओळीने बसायचे... तिथे वाढलेल्या पोरीला भुताखेताचं काय कौतुक असणार? या सदरात लोक चकवा, पांढऱ्या साडीतली बाई वगैरे लिहितात, ते मी दुपारी जेवण झाल्यावर वाचते आणि खरं सांगायचं तर हसते. आज मीच लिहायला बसलेय. कारण माझ्या बाबतीत घडलेली गोष्ट दुसराच माणूस स्वतःची म्हणून सांगत फिरतोय, आणि ते आता मला सहन होत नाही.

आम्ही रोह्याचे. आता ‘आम्ही’ नाही, मी एकटीच. हे — म्हणजे माझे मिस्टर — धाटावला एका केमिकल कंपनीत ऑपरेटर होते. शिफ्टची नोकरी, झोपेचा पत्ता नाही, त्यात पंचेचाळिशीला बीपी आणि गुडघे दोन्ही एकदम मागे लागले. तेव्हा माझ्या माहेरच्या आळीत नाना म्हणून एक म्हातारे गृहस्थ राहायला आले होते. जन्म जहाजावर फिटरकी करण्यात गेलेला, मधली बरीच वर्षं सिंगापूरला. तिथे कोणा चिनी म्हाताऱ्याकडून ताई-ची शिकलेले. रोज सकाळी तळ्याकाठी एकटेच सावकाश हात फिरवत उभे असायचे. मीच ह्यांना त्यांच्याकडे घेऊन गेले. म्हणजे सुरुवात मीच करून दिली.

नानांनी ह्यांना खालपासून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाले, “जावईबापू, तुमी लय ताठ. आदी नीट उभं ऱ्हायला शिका. हात मागनं हलवू.”

आणि खरोखर, कित्येक रविवार त्यांनी नुसतं उभंच केलं. गुडघे जरासे वाकवून, खांदे सैल सोडून, हात पुढे धरून. हे सकाळच्या एसटीने नागोठण्यावरून पेणला जायचे, उभे राहायचे आणि परत यायचे. कंपनीत सगळे विचारायचे, “काय रे, आज कोणाच्या ताईची?” ह्यांना राग यायचाच नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही. माझं सगळं दुखणं तिथेच आहे.

पुढे नानांनी दोघांनी मिळून करायचा प्रकार शिकवला. पुश हॅण्ड्स म्हणतात त्याला. समोरासमोर उभं राहायचं, मनगटाला मनगट टेकवायचं आणि जात्यावर दोघी बसतात तसे हात गोल फिरवायचे. एकाने ढकलायचं. दुसऱ्याने ते बळ अडवायचं नाही, मनगटाने ‘ऐकायचं’ आणि अंगावरून बाजूला जाऊ द्यायचं. नियम दोनच. मनगटावर जोर द्यायचा नाही, आणि काही झालं तरी मनगट सोडायचं नाही.

रोह्यात ह्यांना जोडीदार कुठला मिळायला? मग मी. लग्नाआधी मी कारखान्यात आखणी करायचे, म्हणजे मूर्तीचे डोळे काढायचं काम. “तुझं मनगट आखणीचं हाय गो, कापत नाय,” असं म्हणून ह्यांनी मला मागच्या अंगणात उभं केलं ते पंधरा-सोळा वर्षं. पहाटेचा चहा गॅसवर, आणि आम्ही दोघं पपईच्या झाडाखाली जातं ओढतोय. शेजारणी कुंपणावरून बघायच्या. बघेनात का.

माझं काम फक्त ढकलायचं. वळवायचं काम ह्यांचं. मी आदल्या दिवसाचा राग त्या ढकलण्यात घालायचे. सासूबाईंचा, महागाईचा, मुलीच्या अभ्यासाचा. सगळं बळ लावून ढकलावं, आणि समोर काही लागूच नये... मी आपली वळून पपईच्या झाडाकडे तोंड करून उभी. ह्यांच्या उजव्या मनगटावर बाहेरच्या बाजूला वाटाण्याएवढी गाठ होती. दुखत नव्हती म्हणून डॉक्टरांनी तशीच राहू दिलेली. ह्यांनी मनगट फिरवलं की ती गाठ माझ्या हाताखालून घरंगळायची, आणि मला कळायचं, गेला आपला तोल. एवढ्या वर्षांत एकदाही ह्यांनी मला उलट ढकललं नाही. कधीकधी वाटायचं, ढकला की हो एकदा. माणूस आहात ना?

नाना गेले. मग ह्यांनी नदीकाठच्या मैदानावर सकाळी फुकट वर्ग सुरू केला. तिथे प्रशांत आला. जवळच्या खांब गावचा मुलगा, ह्यांच्याच कंपनीत हेल्पर, नाइट करून मोटरसायकलवर थेट मैदानात यायचा. हुशार होता, नाही म्हणणार नाही. वर्ग सुटला की आमच्याकडे. “काकू, काय हाय खायला?” ही त्याची हाक. माझ्या हातचे पोहे त्याने किती खाल्ले त्याचा हिशेब देवाला ठाऊक. मला मुलगा नाही. मी त्याला मुलासारखं खाऊ घातलं.

मग ह्यांना हृदयाचं दुखणं निघालं. ऑपरेशन झालं. तीन-चार महिने वर्ग प्रशांतने घेतला. हे म्हणाले, बरं झालं, कोणीतरी चालू ठेवलाय. बरे झाल्यावर एका सकाळी हे काठी घेऊन मैदानावर निघाले. मीही गेले सोबत. बघते तर मैदानाच्या कडेला फलक लागलेला. ताई-ची केंद्र, संस्थापक आणि मुख्य प्रशिक्षक प्रशांत. फी लिहिलेली. ह्यांचं नाव कुठेच नाही. प्रशांत पुढे आला, वाकून पाया पडला आणि म्हणाला, “सर, तुम्ही दमू नका. तुम्ही बसा.” एका पोराला सांगून त्याने कडेला प्लास्टिकची खुर्ची ठेवली.

हे बसले! पूर्ण तासभर बसले, आणि घरी येताना म्हणाले, “छान करतात पोरं.”

मी रस्त्यातच भांडले. “तुम्ही बोलत का नाही त्याला काही?”

“काय बोलू? त्यानं ढकललं, मी सरकलो. पडलो का मी? नाय ना?”

“पडलात की हो! सगळ्या गावाला दिसलं, तुम्हालाच दिसलं नाही.”

हे हसले. त्यानंतर मैदानावर कधी गेले नाहीत. अंगणातलं जातंही बंद झालं, ह्यांना धाप लागायची. प्रशांत घरी फिरकला नाही. एकदाही नाही, हे लक्षात ठेवा. पुढच्या पावसाळ्यात हे वारले, पेणच्या दवाखान्यात. त्या दिवशी सकाळपासून मी ह्यांचं मनगट धरून बसले होते. “जा गो, च्या पिऊन ये,” म्हणाले. मी गेले. परत आले तर नर्स पडदा ओढत होती. मनगट सोडायचं नाही म्हणून मला जन्मभर शिकवलं, आणि शेवटी मला चहाला पाठवून स्वतःच सोडलं. या गोष्टीचा मला अजून राग आहे, आणि तो जाणार नाही.

वर्षभराने प्रशांतने स्मृतिसमारंभ ठेवला. रोह्यातलं एक मंगल कार्यालय, संध्याकाळची पाचची वेळ, पावसाची उघडीप, बाहेर लख्ख ऊन. स्टेज चांगलं छातीएवढं उंच, खाली पहिल्या रांगेत लोखंडी खुर्च्या. ह्यांचा मोठा फोटो, हार, समई. मी जाणार नव्हते. मुलगी म्हणाली, जा, बाबांचं नाव आहे. गेले.

प्रशांत पांढऱ्या रेशमी चिनी पोशाखात. माइकवर बोलायला लागला. “सरांनी शेवटच्या दिवसांत मला घरी बोलावलं. माझं मनगट हातात घेतलं आणि म्हणाले, प्रशांत, माझ्यामागे आता तूच.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. काही बायकांनी डोळे पुसले. मी पहिल्या रांगेत बसले होते, आणि माझे कान गरम झाले. कधी बोलावलं? कोणी दार उघडलं? ह्यांच्या शेवटच्या दिवसांत त्या घरात माझ्याशिवाय कोण होतं?

मग माझं नाव पुकारलं, शाल-श्रीफळासाठी. मी वर गेले. फोटो निघावा म्हणून त्याने मला फोटोच्या बाजूला तोंड करून... नाही, थांबा, नीट सांगते. ह्यांचा फोटो माझ्या डाव्या हाताला. प्रशांत माझ्यासमोर, त्याची पाठ लोकांकडे, टाचा स्टेजच्या अगदी कडेला. त्याने शाल माझ्या खांद्यावर घातली आणि हळूच, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाला, “काकू, राग सोडा आता. सरांनी कधीच सोडला होता.”

मी दोन्ही हातांनी त्याच्या छातीवर ढकललं.

चुकून नाही, सांगते. मला दिसत होतं तो कुठे उभा आहे, खाली काय आहे. पंधरा-सोळा वर्षं ढकलायचा सराव होता, पायातून बळ कसं काढायचं ते मला चांगलं ठाऊक होतं. ते सगळं लावलं. इतक्या वर्षांत ह्यांनी जे केलं नाही ते कोणीतरी करायलाच पाहिजे होतं.

माझे हात त्याच्यापर्यंत पोचलेच नाहीत.

उजव्या हाताला खालून मनगट लागलं. जोर नाही, धक्का नाही. नुसतं टेकलं, आणि वर, बाजूला घेऊन गेलं, अगदी अंगणातल्यासारखं सावकाश. आणि ती गाठ... ती वाटाण्याएवढी गाठ माझ्या हाताखालून घरंगळली. स्पष्ट. शाल खाली पडली होती, हात उघडे होते, कापडाबिपडाचा प्रश्नच नव्हता. पुढच्या क्षणी मी वळून ह्यांच्या फोटोकडे तोंड करून उभी होते. प्रशांत दचकून मागे झाला, कडेवर डुलला, त्याची एक टाच अधांतरी होती, पण तो पडला नाही.

सभागृहात टाळ्यांचा कडकडाट! लोकांना वाटलं, बाईंनी प्रात्यक्षिक दाखवलं.

नंतर स्टेजमागच्या खोलीत मी पाणी पीत बसले होते. प्रशांत आत आला. तोंड पांढरं पडलेलं, पोशाख घामाने चिकटलेला. दार लोटून घेतलं. मला वाटलं आता भांडणार. मी तयार होते.

म्हणाला, “काकू, मी गेलोच हुतो खाली. कोनीतरी पाठीला हात लावला. मागं कोण नव्हतं ओ... मागं नुसती हवा. आनि ती गाठ... सरांच्या हाताची गाठ माझ्या मणक्याला लागली. तुमाला कळलं ना? तुमालाबी कळलं ना?”

मी अजून एक शब्दही बोलले नव्हते. गाठीबद्दल तर मुलीलासुद्धा सांगितलं नव्हतं.

मी त्याच्याकडे बघितलं आणि म्हटलं, “कसली गाठ? वेड लागलंय का तुला?”

तो रडला. मी नाही रडले.

त्यानंतर काय झालं ते रोह्यात सगळ्यांना माहीत आहे. पूर्वी तो खोटं सांगायचा, सरांनी मला वारस केलं. आता त्याला खोटं सांगायची गरजच उरली नाही. दर नव्या बॅचला सांगतो, सरांनी मला स्टेजवर सावरलं, काकू समोरच होत्या, त्यांना विचारा. पेणला शाखा निघाली, नागोठण्यालाही. पोरं-पोरी येऊन माझ्या पाया पडतात, विचारतात, खरं का हो? मी म्हणते, मला माहीत नाही. खरं म्हटलं तर तो वारस ठरतो. खोटं म्हटलं तर हे आले होते, हेच मी पुसून टाकते. दोन्हीकडून माझंच नुकसान.

मुलीला शेवटी सांगितलं. ती म्हणाली, आई, सवय ती, हाताला लागलेली असते, आपोआप वळला असेल. पण सवय मला ढकलायची होती. वळवायचं मला ह्यांनी कधी शिकवलं नाही, मी शिकलेही नाही. आणि प्रशांतच्या पाठीला काय लागलं?

तुमच्यातले काही जण लिहितील, ताई, त्यांनी त्याला नाही, तुम्हाला वाचवलं, तुमच्या हातून पाप होऊ दिलं नाही. कृपा करून असं लिहू नका. मी ते स्वतःला पुष्कळदा सांगून बघितलंय. तसं असेल तर त्याच्या पाठीला हात कशाला लावला? माझा हात वळवला होता, तेवढं पुरे नव्हतं?

त्या दिवसापासून रोज पहाटे चहा गॅसवर ठेवते आणि मागच्या अंगणात जाऊन पपईखाली उभी राहते. गुडघे जरासे वाकवून, खांदे सैल सोडून. उजवा हात पुढे धरते. ढकलत नाही. आता मला ढकलायचं नाहीच आहे, नुसतं टेकवायचं आहे. चहा उतू जाईपर्यंत हात तसाच धरते. हे एकदाच आले, आणि त्याच्यासाठी आले. माझ्या हाताला नुसती हवा लागते.