रांगेत पुढे चालणारी भुरीबाई

“मले दम लागत असता, तर मी सगळ्याईच्या पुढं कशी चालली असती?” असं भुरीबाई राठोड डॉक्टरांना म्हणाली होती, आणि ते खोटं नव्हतं.

मारेगावकडच्या तांड्यातली साठीची ही बाई. तांड्यातल्या बायका कापूस वेचायला एका रांगेत निघतात, सगळ्यांत पुढे भुरीबाई. तिला ओलांडून कुणी जात नाही. एका नव्या सुनेनं एकदा पाऊल पुढे टाकलं, तर बाकीच्यांनी पदर धरून तिला मागे ओढलं.

भुरीबाईच्या हृदयाची झडप अरुंद झाली होती. त्रास होत असेल तर झडप बदलायची, नसेल तर वाट पाहायची. ती म्हणे, त्रास नाही. म्हणून यवतमाळच्या अर्पिता डॉक्टरांनी तिला फिरत्या पट्ट्यावर चालायला लावलं. छातीवर वायरी डकवल्या, आणि डॉक्टर स्वतः जवळ उभ्या राहिल्या.

“हे चालून कुठं जाते?”

“कुठंच नाही, आजी.”

“मंग त्याले घाई कायची हाय?”

पट्ट्याचा वेग वाढला. पट्टा तिला ओळखत नव्हता. चालताना रक्तदाब चढायला हवा. तिचा जरासा चढला आणि उतरू लागला. डॉक्टरांनी लगेच यंत्र थांबवून तिला आडवं केलं. धाप ओसरायला बराच वेळ गेला.

“याडी,” सोबत आलेली सून बबिता म्हणाली. सासूला ती आईच म्हणायची. “सालभर झालं, तुमी हळू चालता. आमी बी मागं हळूच चालून राह्यलो.”

“सगळ्याईले ठाव होतं?”

“वावराच्या मालकाले, मारोतरावले बी. थो म्हने, तुमी बाया वावरात उशिरा येता.”

“अन् मी त्याले म्हनलं, तुयं घड्याळच खराब हाय.” भुरीबाई हसली. मग तिनं बबिताचा हात धरला. इतक्या बायकांनी आपली पावलं आखडून तिचा श्वास सांभाळला होता, आणि तिला कळूही दिलं नव्हतं.

“झडप बदलावी लागेल,” डॉक्टर म्हणाल्या. “आता थांबायचं नाही.”

“मंग मले जोरात चालता येईन?”

“आतापेक्षा पुष्कळ.”

“कापूस फुटाच्या आधी करून टाक. या पोरीईले पळवतो.”

वॉर्डबॉयनं चाकांची खुर्ची आणली. “बसा, आजी.”

भुरीबाई उठली. तिनं खुर्चीकडे एकवार पाहिलं, डोक्यावरचा पदर नीट केला, आणि सावकाश पावलं टाकत दाराबाहेर गेली.