माझ्या वाट्याचा नेपाळ

हे मी अजून कोणाजवळच बोललेली नाही. नवऱ्याजवळ नाही, आणि आईच्या शेवटच्या आजारपणात रोज तिच्या उशाशी बसत होते तेव्हा तिच्याजवळही नाही. आज तुम्हाला सांगायला बसले, तर मधेच उठून दोनदा चहा करून आले. तुम्ही समजून घ्याल — नको, समजून घेऊ नका. नुसतं ऐका.

अडुसष्ट साल. मी आणि शांता नागपूरच्या एका कॉलेजात राज्यशास्त्राच्या एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो. माझ्या वडिलांचं इतवारीत भांड्यांचं दुकान. शांताचे वडील गिरणीत. छप्पन साली त्यांच्या घरानं दीक्षा घेतली तेव्हा ती नऊ वर्षांची होती. वर्गात आम्ही एका बाकावर बसायचो. तिच्या डब्यातली झुणका-भाकर मी खायचे, माझा शिरा ती खायची. माझ्या घरी मात्र मी तिला कधी जेवायला नेलं नाही. हा वेगळा गुन्हा आहे, आज त्याच्यावर बोलत नाही.

आमच्याकडे दर वर्षी अभिरूप राष्ट्रसंघ भरायचा. एकेका मुलानं एकेका देशाचा प्रतिनिधी व्हायचं आणि त्या देशाचं म्हणणं मांडायचं. स्वतःचं मत घरी ठेवून यायचं, हा पहिला नियम. दुसरा नियम चिठ्ठीचा. शिपाई स्टीलचा डबा घेऊन फिरायचा, जी चिठ्ठी निघेल तो देश आपला. अदलाबदल चालत नसे. जो मागेल तो बाद. त्या वर्षी ह्या सगळ्याला फारच महत्त्व आलं होतं, कारण विभागात ट्यूटरची एक जागा भरायची होती आणि जो जिंकेल त्याचं नाव विभागप्रमुख सर पुढे पाठवणार होते. आम्हा दोघींनाही ती जागा हवी होती. शांताला तर जास्तच. तिच्या वस्तीतून कॉलेजात शिकवायला कोणीच गेलेलं नव्हतं.

विषय होता अण्वस्त्रप्रसारबंदीचा करार. ज्यांच्याजवळ बॉम्ब आहे त्यांनी तो ठेवायचा आणि बाकीच्यांनी करणार नाही म्हणून सही करायची. आपला देश सही करायला तयार नव्हता. नेपाळनं केली होती. चीनशी लढाई होऊन सहा वर्षं झालेली, पाकिस्तानशी होऊन तीन. सभागृहात टाळ्या कोणाला पडणार, हे काय सांगायला हवं?

शांताला भारत निघाला. मला नेपाळ.

मी मुलींच्या खोलीत जाऊन रडले — हो, एवढ्यासाठी रडले! ती मागून आली. माझ्या हातातली चिठ्ठी घेतली आणि स्वतःची माझ्या मुठीत कोंबली. म्हणाली, "एवढ्यासाठी काहून रडतं वं कुसुम? घे तुले भारत. मले कोन्ताही देश चालते."

मी नको म्हणाले का? तेवढंही म्हणाले नाही. डोळे पुसले आणि घेतला.

मी भारत छान गाजवला. टाळ्या पडल्या. मग शांता उठली. तिनं आवाजही चढवला नाही. ती म्हणाली, 'भारत म्हणतो, मी बॉम्ब करणार नाही, पण सहीही करणार नाही. चीनजवळ तर बॉम्ब आहेच. आम्ही दोघांच्या मधे राहतो. भारताच्या नुसत्या शब्दावर आम्हाला झोप लागत नाही. मोठ्यांचं शब्दावर भागतं, लहानाला कागद लागतो.' माझ्याच बाजूच्या मुलांनी तिच्यासाठी टाळ्या वाजवल्या, आणि पहिलं बक्षीस तिला मिळालं, दुसरं मला.

आता ते सांगायचं आहे. सांगतेच.

चार दिवसांनी वडील जेवायला घरी गेले होते. दुकानात मी एकटी होते. गल्ल्याजवळ आंतरदेशीय पत्रं पडलेली असायची, त्यातलं एक घेतलं आणि संस्थेच्या अध्यक्षांना लिहिलं. अक्षर बदलून. खाली 'एक जागरूक नागरिक'. आपल्या कॉलेजातली ही विद्यार्थिनी भर सभेत म्हणाली की भारताच्या शब्दावर आम्हाला झोप लागत नाही. अशी व्यक्ती मुलांना शिकवायला नेमणार का? त्यात एकही शब्द खोटा नव्हता. ती नेपाळ म्हणून बोलत होती, एवढंच मी लिहिलं नाही. तिचं आडनाव मात्र पूर्ण लिहिलं, सुवाच्य.

आडनाव का? माझ्याबद्दल असं पत्र गेलं असतं तर अध्यक्ष हसले असते, फाडून टाकलं असतं. तिच्याबद्दल गेलं तर हसणार नाहीत, हे मला माहीत होतं. पत्र लिहिताना माहीत होतं. बावीस वर्षांच्या मुलीला हे कोण शिकवतं? मला कोणी शिकवलं नाही. माझं मलाच आलं.

तीन सभासदांची समिती नेमून चौकशी झाली. राज्यशास्त्र मंडळाची चिटणीस म्हणून मलाही बोलावलं. पत्र वाचून दाखवलं. शांता म्हणाली, "सर, ते माझं म्हणणं नाही, नेपाळचं आहे." तिघांनाही ते पटल्यासारखं दिसलं. मला वाटलं, सुटली. खरं सांगू? बरं वाटलं नाही.

तेवढ्यात दाराशी उभा असलेला शिपाई बोलला, "ह्या बाईले तर भारत निघाला होता, सायेब. म्या पायलं."

मग भारत सोडून नेपाळ कोणी मागितला, असं समितीनं विचारलं. शांतानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मागणारी बाद होते, हा नियमच तिच्या डोक्यात होता. मला वाचवायचं, एवढंच तिनं पाहिलं. "मीच मागितला," ती म्हणाली.

त्यांनी मला विचारलं, खरं का? मी मान हलवली. वरून खाली. हो.

एक सभासद शेजारच्याला म्हणाले, आणि तेही आम्हाला ऐकू जाईल असं, "आधी धर्म बदलला, आता देश बदलून राहिले." कोणीतरी हसलं. शांताच्या मानेवरची शीर थाडथाड उडताना मला दिसत होती. एक वाक्य पुरलं असतं — देश मी मागितला. त्यात माझं काय गेलं असतं? एक दुसरं बक्षीस. मी टेबलावरच्या काचेकडे बघत बसले.

जागा मला मिळाली. ती जरीपटक्याकडच्या एका प्राथमिक शाळेत लागली. त्या चौकशीवर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. ती माझ्या लग्नाला आली, तिनं पंगतीत वाढलं.

गेल्या जूनमध्ये ती मुलीला घेऊन कॉलेजात आली. मुलीला राज्यशास्त्रच घ्यायचं होतं. शांता म्हणाली, "हिले तुह्या हाताखाली घाल वं. माह्यं राहून गेलं." राहून गेलं! एवढाच शब्द तिनं त्याला ठेवला होता. शांता फॉर्म भरायला बाहेर गेली आणि मुलगी माझ्यासमोर बसली. आईसारखेच डोळे. तिनं सरळ विचारलं, "मॅडम, आई तुमच्याएवढी शिकली, मग तिनं कॉलेजात काहून नाही शिकवलं?"

मी चाळीस वर्षांची बाई. शांता दाराबाहेर. आता विचारायला ना समिती होती, ना अध्यक्ष. आणि माझ्या तोंडून निघालं, "तिला चारचौघांत बोलायची भीती वाटायची गं."

किती सहज निघालं!

मुलीनं मान डोलावली. तिला ते लगेच पटलं. म्हणाली, "हो. घरीही ती काहीच बोलत नाही."