चेटकीण गाळायची नाही

आमच्या सोसायटीत रविवारी सकाळी मी मुलांना गोष्टी वाचून दाखवते. मागच्या रविवारी मुक्ताची आई लवकर येऊन म्हणाली, "ताई, चेटकीण तेवढी गाळा. एवढ्या मोठ्या आजारातून उठलीय पोर, उगाच घाबरेल." मी ऐकलं. चेटकिणीची प्रेमळ मावशी केली, तिने राजकन्येला लाडू दिला आणि गोष्ट संपली.

सात वर्षांची मुक्ता ताडकन उभी राहिली. "मग राजकन्येनं हरवलं कोणाला?"

मी तिच्या आईकडे बघितलंच नाही. गोष्ट पुन्हा पहिल्यापासून वाचली, चेटकिणीच्या वाकड्या नखांसकट, कर्कश हसण्यासकट. मुक्ताने सतरंजी मुठीत धरली, पण डोळे मिटले नाहीत. इंजेक्शनं सोसून आलेल्या पोरीपासून भीती काय असते हे आपण काय लपवणार? राजकन्येनं चेटकिणीला ढकललं तसं भीतीला विहिरीत ढकलता येतं, एवढं तरी तिला बघू द्यावं. कुणीही सांगो, चेटकीण मी यापुढे गाळणार नाही.

चेटकीण विहिरीत पडली तेव्हा मुक्ता सगळ्यांत मोठ्याने ओरडली. मग दारात उभ्या आईचे डोळे पुसत म्हणाली, "घाबरू नकोस गं, मेली ती."