रिसेप्टरला गप्प करणारं प्रथिन आणि आमच्या घरचा केर

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी मला एका सरांच्या प्रयोगशाळेत प्रोजेक्ट करायचा होता. जागा एकच होती आणि ती सेमिनारवर ठरणार होती. माझा विषय होता, पेशीच्या रिसेप्टरला गप्प करणाऱ्या प्रथिनांचा शोध.

रिसेप्टर म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरचं, बाहेरचा निरोप घेणारं प्रथिन; ॲड्रिनलिन त्याला चिकटलं की पेशीच्या आत निरोप जातो. तो थांबवायलाही कुणीतरी लागतं. संशोधकांना आधी एक एन्झाइम सापडलं. थांबवणारं ते हेच, असं वाटलं. पण ते जसजसं शुद्ध होत गेलं, तसतसा परिणाम कमी होत गेला.

सरावाच्या वेळी सरांनी विचारलं, "का?"

"खराब झालं असेल, सर."

"पेपर वाचलास की नुसती चित्रं बघितलीस?"

वर्ग हसला.

रविवारी हुपरीला घरी गेले. घरात पदवीधर मी पहिलीच. बाकी सगळे चांदीच्या पैंजणांच्या कामात. आई कड्या जोडत होती. तिला समजेल असं सांगून बघावं म्हटलं.

"एक औषध हाय. जेवढं साफ करावं तेवढा त्याचा गुण कमी."

"आन् साफ करताना निघालं ते?"

"टाकलं. कचराच की तो."

"एवढी शिकलीस आन् केर टाकतीस व्हय?"

आमच्याकडे कामाच्या खोलीतला केर कुणी टाकत नाही. तो डब्यात साठवतात. झारेकरी तो धुऊन चांदीचे कण काढतो. हे मला लहानपणापासून माहीत, तरी प्रयोगशाळेत सुचलं नव्हतं.

पेपर पुन्हा वाचला. उत्तर तिथंच होतं, मीच घाईत ओळी गाळल्या होत्या. डोळ्यात प्रकाशाचा निरोप थांबवणारं ॲरेस्टिन आधीपासून माहीत होतं. ते शुद्ध एन्झाइमसोबत घातलं आणि परिणाम परत आला. म्हणजे शुद्ध करताना तसलंच एक प्रथिन बाहेर गेलं होतं. पुढे तेही सापडलं, ॲरेस्टिनचंच भावंड. एन्झाइम रिसेप्टरवर खूण करतं, ॲरेस्टिन त्या खुणेवर येऊन बसतं, मग निरोप थांबतो.

सोमवारी सेमिनारमध्ये सरांनी तोच प्रश्न विचारला. मी झारेकऱ्यासकट उत्तर दिलं. मागे कुणीतरी हसलं, मी थांबले नाही.

"उद्या दहाला ये," सर म्हणाले. "पहिला आठवडा काचेची भांडी धुवायची."

आईला फोन केला.

"भांडी घासायला एवढी शिकलीस?" ती म्हणाली. मग फोन तसाच चालू ठेवून शेजारणीला ओरडलेली ऐकू आली, "आगं, घेतलं की आमच्या पोरीला!"