तिच्या साडीचा रंग

घोडेगावच्या स्टुडिओत गेलो तो बायकोचा फोटो रंगीत करून घ्यायला. तिचा हा एकच फोटो. कुठल्याशा कार्डासाठी काढलेला, काळा-पांढरा, नखाएवढा. कागद वाळवीनं खाल्ला, पण त्याआधी लेकीनं मोबाईलवर घेऊन ठेवला होता म्हणून एवढा तरी उरला. परवा वर्षश्राद्ध. फोटो त्याच्या आत पाहिजे होता.

स्टुडिओवाल्या बाईंनी पडद्यावर एक पट्टी काढली. म्हणाल्या, "बाबा, ह्या टोकाला काळ्याच्या जागी कोणता रंग ते सांगायचं, त्या टोकाला पांढऱ्याच्या जागी. मधलं मशीन भरतं."

चेहऱ्यासाठी त्यांनी तपकिरीपासून गव्हाळपर्यंतची पट्टी लावली. एका झटक्यात सगळंच तसं झालं, केस, कुंकू, साडी. हळद लावून बसवल्यागत दिसली. मग चेहरा तेवढा राखून त्यांनी बाकीचा रंग काढून टाकला. कपाळावरचं गोंदण डाग समजून पुसायला लागल्या, तसा मी ओरडलो, "हात लावू नका त्याला!" बाई दचकल्या. मला त्याचं काही वाटलं नाही.

"साडी कोणत्या रंगाची?"

"हिरवी," मी लगेच म्हणालो.

त्यांनी हिरवी पट्टी लावली आणि मी खुर्चीवरून उठलो. हिरवी साडी मी तिला तिरडीवर घातली होती. फोटोतली तर ती नव्हेच.

"काढा तो रंग."

"मग कोणता लावू?"

"म्हाईत न्हाई."

माझ्या गावची, आहुप्याची शेवटची गाडी सुटायला अर्धा तास होता. रंग माहीत असेल असं एकच माणूस, डिंगोऱ्याला राहणारी माझी मेव्हणी, तिची धाकटी बहीण. आणि तिच्याशी वर्षभर बोलणं नव्हतं. बाईच्या अंगावर शेवटची साडी माहेरची पडावी लागते. ती साडी घेऊन मेव्हणी निघाली होती, पण मी थांबलो नाही. बाजारातली घातली आणि उचललं. ती पोचली तेव्हा चिता पेटलेली होती. लोक म्हणाले, म्हाताऱ्याला घाई. घाई कसली, मला बायकोचं ते तोंड बघवत नव्हतं. पण हे मी कुणाला सांगितलं नाही.

मी फोन लावला.

"मी बोलतोय. घोडेगावातनं."

ती म्हणाली, "परवाचं सांगाया केला आसंल तर मी येनार नाय, दाजी."

"त्यासाठी नाय. त्या कार्डाच्या फोटोत तिनं कोनत्या रंगाची साडी नेसली व्हती?"

"वा! इतकी वरसं नांदवली, आन् बायकूच्या साडीचा रंग मला इचारताय?"

"इचारतोय. हसायचं तर हस."

ती हसली नाही. "माझी व्हती ती. अक्काकडं तवा धड साडी तरी व्हती का? माझी नेसून गेली फोटूला. डाळिंबी. पांढरं काठ."

बाई माझ्याकडं बघत होत्या.

"त्या दिवशी मी थांबाया पायजे व्हतं," मी म्हणालो. "मला तिच्याकडं बघवंना."

फोन ठेवते की काय असं वाटलं.

"मशीनवर लावताय व्हय रंग?" ती म्हणाली. "भडक नगं. धुवून धुवून इटून फिकी पडली व्हती लई."

बाईंनी पट्टीच्या काळ्या टोकाला गडद डाळिंबी दिला आणि पांढरं टोक तसंच ठेवलं. काठ आपोआप पांढरे आले. "भडक," मी म्हणालो. त्यांनी उतरवला. "अजून." बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. तिसऱ्या वेळी ती तिच्यासारखी दिसली. गाडी गेली ती गेली.

वर्षश्राद्धाला मेव्हणी आली. माझ्याशी बोलली नाही. फोटोसमोर बसून कितीतरी वेळ बघत राहिली.

"काठ जरा रुंद झालं," ती म्हणाली.

मग पिशवीतून साडीची घडी काढून फोटोपुढं ठेवली. माहेरची, वर्षभर न मोडलेली, कोरी. मी तिच्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला.