एक इकडे, एक तिकडे
उदबत्तीच्या धुरात तापलेल्या फरशीचा वास मिसळला की मला सिंगापूरचं ते देऊळ आठवतं. देऊळ तमिळ लोकांचं, पण दाराशी चिनी बायका उदबत्त्यांचे जुडगे कपाळाला लावून उभ्या, आणि त्यांच्या मागे आम्ही नायगावचं जोडपं. माझ्या दुखऱ्या टाचेसाठी डॉक्टरांनी दिलेल्या चपला यांनी सवयीने एक खांबाशी, दुसरी पार भिंतीपाशी ठेवली. "जोडी नसली की कोण उचलत नाय गं." दर्शन घेऊन बाहेर आलो, तर दोन्ही जागा रिकाम्या. संध्याकाळचं विमान, त्या चपलांशिवाय मला लांब चालवत नाही, आणि खाली फरशी तव्यासारखी. "अहो, परदेशात पण?" मी रडकुंडीला आले. हे बिचारे अनवाणीच वाकून वाकून शोधत होते. तेवढ्यात एका चिनी आजीने माझा दंड धरून मला कोपऱ्यातल्या मांडणीपाशी नेलं. तिथे माझ्या चपला होत्या, शेजारी शेजारी, टाचा जुळवून. कुणाच्या तरी पायाने लांब गेल्या असतील म्हणून तिनेच लावून ठेवल्या, हे तिच्या हातवाऱ्यांवरून कळलं. माझा जीव भांड्यात पडला. हे एवढे हसले की आजीलाही हसू आवरेना. परवा लालबागला देवळाबाहेर यांनी पुन्हा तेच केलं. मी दोन्ही चपला उचलून शेजारी शेजारी ठेवल्या आणि आत गेले. हात देवाला जोडलेले, सगळं लक्ष मात्र चपलांकडे. बाहेर आले, तर होत्या!