मामांच्या बर्फगाडीचं झाकण

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या तोंडात पेट्रोल होतं. त्यांच्या बर्फगाडीची नळी तोंडाने ओढून बघत होतो, त्यामुळे 'हॅलो' म्हणायच्या आधी थुंकावं लागलं... नगरच्या दवाखान्यातून मामी बोलत होती. तिला वाटलं, मी रडतोय. रडायला नंतर लागलो.

नामदेवमामा फौजेत मेकॅनिक. बर्फावर चालणाऱ्या स्कूटरी दुरुस्त करण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. निवृत्त झाल्यावर लिलावात निघालेली तसलीच एक म्हातारी गाडी त्यांनी टेम्पोत घालून थेट पाथर्डीला आणली. पुढे घसरायच्या दोन पट्ट्या, मागे रबरी पट्टा. जिथे उन्हाळ्यात प्यायचं पाणी टँकरने येतं, तिथे बर्फगाडी! दर दसऱ्याला तिला झेंडूचा हार घालून मामा ती जागच्या जागी सुरू करत. शेजारचे इसाकभाई विचारत, "फौजी, निघाले का काश्मीरला?" "बरफ पडू द्या की वो," मामा म्हणत.

दवाखान्यात जाताना जीपमध्ये बसता बसता ते मला म्हणाले, "मास्तर, दसरा जवळ आलाय. गाडी चालू करून ठेव. तिचा आवाज ऐकला की मला बरं वाटंल."

मी शाळेत विज्ञान शिकवतो, तेव्हा अडचण कसली? गाडी सुरू व्हायची, दोन मिनिटं धडधडायची आणि गप्प. मी झाकण उघडून टाकीत पेट्रोल आहे ना बघायचो, घट्ट लावायचो. पुन्हा दोन मिनिटं, पुन्हा गप्प. नळी बदलली. गाळणी धुतली. कार्बोरेटर उघडला, साफ केला, परत बसवला. एक स्क्रू उरला, तो खिशात टाकला. चौथ्या संध्याकाळी मामांचा फोन आला. आवाज खोल गेलेला. "झाली का चालू?" माझ्या तोंडून 'झाली' निघून गेलं. "ऐकव." मी बाजूला लावलेली माझी मोपेड सुरू केली आणि मोबाईल तिच्या सायलेन्सरपाशी धरला. मामांनी ती बराच वेळ ऐकली... मग म्हणाले, "ब्येस हाय. झाकन बघितलं का?" मला वाटलं, गुंगीत बोलतायत. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले.

यंदा दसऱ्याला घरात सण नव्हता, हार नव्हता. नुसती धूळ पुसायला म्हणून गेलो. टाकीचं झाकण पुसताना दिसलं, त्यावरच्या बारीक भोकात कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलं होतं. हवा आत जात नव्हती, म्हणून पेट्रोल पुढे सरकत नव्हतं. हेच मी दरवर्षी सातवीच्या वर्गाला डब्याला दोन भोकं पाडून शिकवतो! काडीने माती काढली आणि गाडी सुरू करायची दोरी ओढली. दोन मिनिटं झाली... पाच झाली... दहा.

मामी पदराला हात पुसत दारात आली. ऐकत उभी राहिली. "झाकन बघितलं वाटतं."

मी मान खाली घातली.

"त्या दिशी फोन ठेवला न् हसाय लागले," ती म्हणाली. "म्हनले, मास्तरानं मोपेड ऐकवली. पन लई जीव लावून ऐकवली."

टाकी रिकामी होईपर्यंत आम्ही दोघं तिथेच उभे राहिलो. तो उरलेला स्क्रू कुठला, हे मात्र आता विचारायला कोणी नाही. मी तो झाकणाशेजारी, टाकीवर ठेवून दिलाय.